हैदराबादची शीव

आप्पांनी हैदराबादपर्यंतचंच तिकीट काढलं होतं. माझं तिकीट नव्या नोकरीतल्या संस्थेनं पाठवलेलं, बेळगाव ते हैदराबाद आणि तिथून पुढं गुवाहाटी. आप्पांचं बेळगाव ते हैदराबाद आणि त्याच दिवशी हैदराबाद ते बेळगाव. हैदराबादमध्ये त्यांचं काही काम नव्हतं. ओळखीचं कुणी नव्हतं. शहर बघायचं म्हणावं, तर विमानतळाच्या बाहेर पाऊलही टाकायचं नव्हतं. माझ्या दोन विमानांच्या मधल्या वेळात माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायचं, एवढ्यासाठी ते आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले होते.

विमान पंख्याचं होतं. त्याचा पंख खिडकीच्या वर असतो, त्यामुळं खालचं सगळं दिसतं. खाली उतरायला लागल्यावर दगड दिसले. हैदराबादच्या आसपास घराएवढ्या गोलसर शिळा एकीवर एक बसलेल्या असतात. कुणीतरी खेळता खेळता रचून ठेवल्यासारख्या.

आप्पांनी खिडकीला कपाळ टेकवलं. "कुणी ठेवल्यात गं त्या?"

"कुणी नाही. आधी सगळा एकच खडक होता. त्याला भेगा पडल्या, भेगांत पाणी गेलं, तिथली माती झाली. मग माती वाहून गेली आणि दगड राहिले."

"म्हंजे ते आधीपासनंच एकमेकावर बसलेले."

"हो. माती होती तोवर दिसत नव्हते."

"बरं," आप्पा म्हणाले. जमीन जवळ येईपर्यंत त्यांनी कपाळ काचेवरून काढलं नाही. काढलं तेव्हा काचेवर एक धूसर गोल राहिला होता. तो कडेकडून आत विरत गेला आणि चाकं टेकली तेव्हा नाहीसा झाला.

तो मंगळवार होता. सगळी अडचण त्या मंगळवाराची होती.

आमचं गाव बेळगावच्या उत्तरेला, कंग्राळीवरून काकतीकडं जाताना लागतं. यंदा बऱ्याच वर्षांनी गावात लक्ष्मीची यात्रा आहे आणि एरवी वर्षातून काही मंगळवार पाळतात तसे यात्रेआधीचेही काही मंगळवार गाव वार पाळतं. त्या दिवशी कामाला हात लावायचा नाही. औत जुंपायचं नाही, खुरपं धरायचं नाही, दळण नाही, धुणं नाही. उद्यमबागेतल्या कारखान्यांत कामाला जाणारी पोरंसुद्धा जमलं तर सुट्टी टाकतात. बैल दावणीला उभे असतात आणि माणसं कट्ट्यावर. दुपारी गावात इतकी शांतता असते की कुणाच्या तरी घरातल्या घड्याळाची टकटक रस्त्यावर ऐकू येते. आणि वाराच्या दिवशी घरातल्या माणसाला शिवेबाहेर, लांबच्या वाटेला लावत नाहीत.

मला बुधवारी गुवाहाटीत हजर व्हायचं होतं, म्हणून तिकीट मंगळवारचं. मंगळवार वाराचा आहे, हे माझ्या लक्षातच आलं नाही. कॅलेंडरवर तो साधा मंगळवार होता.

आक्काच्या मात्र लगेच लक्षात आलं. आक्का म्हणजे माझी आत्या, रुक्माबाई. आप्पांची थोरली बहीण. सगळं गाव तिला आक्का म्हणतं, म्हणून मीही आक्काच म्हणते. आई गेल्यावर मला तिनं वाढवलं. सकाळी मी बॅग उंबऱ्याबाहेर ठेवली, तिच्या पाया पडले आणि "येते" म्हणायला तोंड उघडलं, तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला शेंगाच्या चटणीचा वास होता.

"आज म्हणायचं न्हाय."

"मग काय म्हणू?"

"कायबी म्हणू नको. मी तुला पाठवलेलं न्हाय. मष्णू, अरं सांग की हिला, वारादिवशी पोरगी शिवंबाहेर काढतासा?"

मष्णू म्हणजे आप्पा. ते आतून बाहेर आले. पांढरी टोपी, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. "तिला कोण पाठवाय लागलंय?" ते म्हणाले. "मी चाललोय हैदराबादला. ती माझ्यासंगं येती हाय."

"आणि तू?"

"मी दिवा लावायच्या आत घरात."

आक्कानं हिशेब केला असावा. एक माणूस बाहेर पडला आणि त्याच दिवशी घरात आला, म्हणजे कुणाला लांब पाठवलं असं होत नाही. संगं कोण गेलं आणि ते कधी येणार, हे बारकावे लक्ष्मी विचारणार नाही. तिनं माझ्या तोंडावरचा हात काढला आणि त्याच हातानं माझ्या गालावर एक चापट दिली. "शानी झाल्यात दोघंबी," ती म्हणाली आणि आत गेली.

तर मी "येते" न म्हणता घरातून निघाले होते. निघताना "येते" म्हणायचं आणि कुणीतरी "ये" म्हणायचं, याशिवाय मी दहावीच्या परीक्षेलाही कधी गेले नव्हते. आता तो शब्द आप्पांकडून घ्यायचा राहिला होता, आणि तो मिळणं सोपं नव्हतं. मी आठवीत होते, तेव्हा अशाच एका वाराला आईला दवाखान्यात न्यावं लागलं. शिवेवरच्या दगडापाशी गाडी जरा थांबली. आप्पा कपडे आणि डबा घेऊन मागून येणार होते. आई आतून म्हणाली, "येते हं." आप्पा म्हणाले, "ये." ती आली नाही.

एका घटनेवरून नियम काढता येत नाही, हे मला कॉलेजात पाच वर्षं शिकवलं गेलं. आप्पांनाही ते कळत असणार. पण तेव्हापासून वाराच्या दिवशी ते कुणालाच "ये" म्हणत नाहीत. दारावर आलेला भाजीवाला निघाला, तरी नुसती मान हलवतात.

मला मात्र तो शब्द हवा होता. निदान दोन वर्षं मी चेरापुंजीजवळच्या एका केंद्रात राहणार होते. घरापासून एवढ्या लांब मी कधीच गेले नव्हते. आप्पांनी या नोकरीला नको म्हटलं नव्हतं, पण जा असंही एकदा म्हटलं नव्हतं. तो शब्द मिळाला नाही तर विमानात चढायला माझा पाय उचलेल का, याची मला खात्री वाटत नव्हती. उचलला नाही तर आप्पांच्या बरोबर परत जाता येईल, असाही एक विचार मनाच्या तळाशी बसून होता. मी त्याच्याकडं मुद्दाम बघत नव्हते.

विमानतळाचं आतलं दालन फार मोठं होतं. छत इतकं उंच की त्याच्याखाली आवाज वर जाऊन विरत होते, परत येतच नव्हते. एक भिंत पूर्ण काचेची. बाहेर पांढरं ऊन होतं आणि धावपट्टीवरची हवा तापून थरथरत होती, त्यामुळं लांबची विमानं पाण्यात उभी असल्यासारखी दिसत होती. त्यांची शेपटं स्थिर आणि चाकं वितळलेली. गरम हवेत प्रकाश वाकतो, एवढंच ते असतं. तरी मी उभी राहून बघत राहिले.

"ट्रॉली घेऊया काय?" मी विचारलं. माझ्याकडं लॅपटॉपची जड पिशवी होती आणि आप्पांकडं भाकरीची.

"ढकलावी लागंल की ती."

"मग?"

"आज वार हाय न्हवं."

"ढकलणं म्हणजे काम काय?"

"न्हाय काय? तूच सांग. तू शिकल्यास."

मला हसू आलं. बळ लावलं आणि वस्तू सरकली की काम झालं, हे मीच त्यांना कधीतरी शाळेच्या पुस्तकातून वाचून दाखवलं होतं. "आहे," मी म्हटलं. "ढकलणं म्हणजे कामच."

"मग ऱ्हाऊ दे."

एक माणूस ट्रॉल्यांची लांबलचक रांग एकट्यानं ढकलत आमच्यासमोरून गेला. गाडीच्या डब्यांसारखी ती वळणावर वळली. आप्पांनी त्याला वाट दिली आणि तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. "ह्याचा वार कवा असतोय की," ते म्हणाले.

पुढं सरकता पट्टा होता. जमिनीवर सपाट, माणसांना उभ्या उभ्या पुढं नेणारा. आप्पा त्याच्या तोंडाशी थांबले. एक बाई चाकांची बॅग घेऊन त्यावर चढली आणि पाय न हलवता लांब लांब जायला लागली.

"ही चालंना झाली, तरी चाललीया."

"खालचा पट्टा सरकतोय. तुम्ही नुसतं उभं राहायचं."

"म्हंजे चालायचं काम न्हाय."

"न्हाय."

"मग ही वाराची वाट झाली की गं!" असं म्हणून त्यांनी एकदम पाय ठेवला, जरा मागं झुकले आणि माझा दंड धरला. मग सावरून दुसऱ्या हातानं कठडा धरला. आम्ही निघालो. दोन्हीकडून दुकानं मागं सरकत होती. घड्याळांचं, अत्तरांचं, एका दुकानात नुसत्या मोत्यांच्या माळा. मोती दिव्यांखाली ओले असल्यासारखे दिसत होते. आप्पा मान ताठ ठेवून उभे होते, पालखीबरोबर चालताना माणूस दिसतो तसे.

"आता सांगा," मी म्हटलं, "तुम्ही उभे हाय का चालताय?"

"उभा हाय की."

"पण दुकान मागं गेलं."

"ते गेलं. मी कुठं गेलो?"

"दुकानातल्या माणसाला विचारलं, तर तो म्हणेल, तुम्ही गेला."

आप्पांनी विचार केला. "मग खरं कुणाचं?"

"दोघांचंही. कोण थांबलंय आणि कोण चाललंय, हे कुठं उभं राहून बघतोय त्यावर असतं. नुसतं थांबणं किंवा नुसतं चालणं असं काही नसतं."

"हे पुस्तकात हाय?"

"हाय."

"लिवलंय तसं?"

"लई जुनं आहे, आप्पा. सगळे मानतात."

"बरं," ते म्हणाले. तेवढ्यात त्यांचं लक्ष स्वतःच्या हाताकडं गेलं. कठड्याचा रबरी पट्टा पायाखालच्या पट्ट्यापेक्षा किंचित जास्त वेगानं सरकत होता. दोन्हींची चाकं वेगळी असतात आणि वेग तंतोतंत जुळत नाही. त्यामुळं त्यांचा हात हळूहळू पुढं गेला होता आणि ते किंचित वाकले होते. त्यांनी हात उचलून परत शेजारी आणला. थोड्या वेळानं तो पुन्हा पुढं गेला.

"हाताला घाई झालीया," ते म्हणाले.

पट्टा संपला. पलीकडच्या बाजूनं उलटा येणारा दुसरा पट्टा होता. आप्पांनी माझ्याकडं बघितलं. आम्ही त्यावरून परत आलो. मग पुन्हा गेलो. मागून एक सुटाबुटातला माणूस घाईनं आला आणि "एक्स्क्यूज मी" म्हणाला. आप्पांनी अंग चोरून त्याला जागा दिली. "जावा, जावा. आमचा वार हाय." त्या माणसाला काय कळलं कोण जाणे, पण तो जाताना हसला.

खुर्च्या शोधायची वेळ आली, तेव्हा आप्पा म्हणाले, "माझ्या दारापाशी बसूया."

"तुमच्या कशाला? माझं गेट आधी बघूया. मी गेल्यावर तुम्हाला तुमच्या गेटपर्यंत एकट्याला यावं लागंल, त्याची वाट दाखवून ठेवते."

"न्हाय. माझ्याच दारापाशी."

त्यांचे बोर्डिंग पास त्यांच्याच खिशात होते. बेळगावला सांबऱ्याच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं ते दिले तेव्हाच त्यांनी घडी घालून छातीवरच्या खिशात ठेवले होते, वरून चष्म्याचं घर. तिकीटही त्यांनी स्वतःच खडेबाजारात जाऊन एका ट्रॅव्हल्सवाल्याकडून काढलं होतं, मला विचारलंही नव्हतं. मला वाटलं, म्हातारा माणूस, आपलं दार डोळ्यासमोर असलं की त्याला बरं वाटत असेल. आम्ही त्यांच्या गेटसमोर काचेला लागून बसलो.

मी आक्कानं भरून दिलेली आप्पांची पिशवी सोडली. काल रात्रीच्या जोंधळ्याच्या भाकरी, शेंगाची चटणी, वांग्याची कोरडी भाजी. भाकरी वाळून कडेनं कडक झाल्या होत्या. समोर कुणीतरी कागदी पेल्यातली कॉफी पीत होतं आणि कॉफीचा वास चटणीच्या वासात मिसळला. आप्पांनी घास मोडला.

"तितं जेवायला काय मिळतंय?"

"भात. मासे. भाज्या मिळतात."

"भाकरी?"

"मी करीन की. पीठ दिलंय आक्कानं."

"आणि काम काय, ते सांग बघू आता नीट. आक्का विचारती तर मला सांगता येत न्हाय."

"पावसाचे थेंब मोजायचे."

"मोजायचे?"

"एक यंत्र असतं. दोन खांब, त्यांच्यामध्ये प्रकाशाची पट्टी. थेंब त्यातून पडला की क्षणभर सावली पडते. सावलीवरून कळतं थेंब केवढा आहे आणि किती वेगानं आला."

आप्पांनी चावणं थांबवलं. "एकेक थेंब?"

"एकेक."

"पाऊस आपल्याकडं पडत न्हाय काय?"

"पडतो. पण तिथं जास्त पडतो."

"मोजून काय व्हतंय?"

"मोजून कळेल की ढगाच्या आत काय चाललंय. थेंब मोठा कसा होतो, फुटतो कधी. अजून नीट कुणाला ठाऊक नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच."

हे त्यांना आवडलं असावं. चटणीचं बोट चाटून ते काचेबाहेर बघत राहिले. बाहेर ढगाचा ठिपका नव्हता. "मोठ्ठा थेंब केवढा?" त्यांनी विचारलं.

मी भाकरीतून एक कण मोडला, वाटाण्यापेक्षा लहान, आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. "याच्यापेक्षा मोठा झाला की मोडतो."

त्यांनी तो कण बराच वेळ तळहातावर ठेवला. मग खाल्ला.

जेवण झालं. मी रिकामी पिशवी झटकली. आता बोलायला हवं होतं. बोर्डावर गुवाहाटीचं नाव वरच्या ओळींकडं सरकत होतं.

"आप्पा, थोड्या वेळानं मला निघावं लागेल."

"बस की."

"बसलेच आहे. पण मग मी म्हणू काय?"

"काय?"

"ते. घरात आक्कानं म्हणू दिलं नाही ते."

आप्पांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, तिची कड बोटांनी सरळ केली. "आज मंगळवार," ते म्हणाले.

"इथं हैदराबादमध्ये कुठला वार? ही काय आपली शीव आहे?"

"शीव कुठं असती?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं, चेष्टेनं नाही. "गावाची शीव दगडापाशी. ते गावापुरतं. माणसाची शीव कुठं असती, सांग. पुस्तकात हाय?"

"नाही."

"मग बस."

मी तळाच्या विचाराकडं बघितलं. परतीच्या विमानात जागा असेल. नसली तर बस असते. तिकडं मी कळवीन, प्रकृती बरी नाही म्हणून. सावल्या मोजायचं ते यंत्र दुसरं कुणीतरी चालवील. हे सगळं मनात इतकं सहज मांडलं गेलं की मला भीती वाटली. मी आप्पांच्या खांद्याला डोकं टेकवलं. इस्त्रीचा शर्ट, त्याखाली हाड. काचेतून ऊन पायांवर पडलं होतं. आदल्या रात्री मी झोपलेच नव्हते.

झोप लागली, हे मला स्वप्नावरून कळलं.

स्वप्नात विमानतळानं वार पाळला होता. काउंटरच्या मुली कट्ट्यावर पाय सोडून बसल्या होत्या. मोत्यांच्या दुकानातला माणूस दारात चवड्यावर बसून तंबाखू मळत होता. ट्रॉलीवाला आपल्या ट्रॉल्यांच्या लांब रांगेच्या शेवटी पाठ टेकून झोपला होता आणि बाहेर विमानं दावणीला बांधली होती. एकेक करून ती मान खाली घालून कडबा खात होती, त्यांच्या वशिंडावरून ऊन ओघळत होतं. कुठंतरी एका घरातलं घड्याळ टकटक करत होतं. मी सगळ्यांना विचारत होते, शीव कुठं आहे, आणि सगळे हातानं खुणा करून सांगत होते, बस, आज कुणी जात नाही, कुणी येत नाही. आई सरकत्या पट्ट्यावर उभी होती. पट्टा बंद होता, तरी ती जवळ जवळ येत होती. मग मला दिसलं की ती जागच्या जागीच आहे. मीच सरकत होते, बसल्या बसल्या, खुर्चीसकट. ती मला म्हणाली, "हाताला घाई झालीया तुझ्या."

मी डोळे उघडले. डोक्याखाली खांद्याऐवजी आप्पांची घडी घातलेली कापडी पिशवी होती. आप्पा समोर उभे होते. टोपी डोक्यावर. छातीवरचं चष्म्याचं घर हातात होतं आणि त्याखालचा पास दुसऱ्या हातात.

"काय झालं?" मी उठायला लागले. "माझं विमान?"

"तुजं न्हाय. बस."

त्यांच्या मागं गेटवर रांग लागली होती. गणवेशातला मुलगा "बेलगावी, बेलगावी" असं मोठ्यानं म्हणत होता. रांगेत दोघेतिघे ओळखीच्या चेहऱ्याचे, म्हणजे आमच्याकडच्या चेहऱ्याचे लोक होते.

मी बोर्डाकडं बघितलं. बेळगाव वरच्या ओळीत होतं. गुवाहाटी अजून खाली, त्याच्यापुढं गेटवर बोलावणं आलेलं नव्हतं. आप्पांचं विमान माझ्याआधी होतं.

दिवा लावायच्या आत घरात, असं ते सकाळी आक्काला म्हणाले होते. गणित अगदी सोपं होतं. संध्याकाळी घरात, म्हणजे दुपारी इथून सुटायला हवं. मी ते केलंच नव्हतं. निघणारी मी आणि मागं राहणारे आप्पा, हे मी इतकं गृहीत धरलं होतं की उलटं असू शकतं, हे तपासायचं मला सुचलंही नाही.

"तुम्ही आधी चालला," मी म्हटलं.

"व्हय."

"मुद्दाम काढलं काय हे तिकीट?"

"ट्रॅव्हल्सवाला म्हणाला, संध्याकाळचंबी हाय, सावकाश जावा, पोरीला पोचवून जावा. मी म्हटलं, न्हाय. पोरगी बसलेली असताना सुटणारं दे." आप्पांनी चष्म्याचं घर खिशात ठेवलं. "मला कुणाला पाठवायचं न्हाय. ज्याला जायाचं हाय तो जाईल. मला जायाचं हाय. आक्का वाट बघती. तू बसल्यास, बस."

रांग पुढं सरकत होती. मागचा माणूस त्यांना वळसा घालून गेला.

आप्पा सरळ उभे राहिले. कुणाच्या दारातून निघताना राहतात तसे. "येतो गं," ते म्हणाले.

आयुष्यभर मी त्या जोडीतला पहिला शब्द म्हटला होता. दुसरा माझ्या तोंडात कधी आलाच नव्हता. तो घरात राहणाऱ्यांचा असतो.

"बोल की," आप्पा म्हणाले. "तो शबुद घेतल्याशिवाय माझा बी पाय उचलत न्हाय."

"या," मी म्हटलं. आवाज नीट निघाला नाही.

"नीट."

"या, आप्पा. सावकाश या."

त्यांनी मान हलवली. हात उचलला, माझ्या डोक्यावर ठेवावा तसा, पण मध्येच थांबवून टोपी नीट केली. मग ते रांगेत गेले. पास दाखवताना त्यांनी त्या मुलाला काहीतरी कन्नडमध्ये सांगितलं. मुलाला कळलं नाही, पण त्यानं "ओके अंकल" म्हटलं. मग दार आणि दारापलीकडची उतरण.

काचेतून मला ते खाली बाहेर पडताना दिसले. एक लहान पांढरी टोपी, बाकीच्यांमध्ये. वाटेत हवा थरथरत होती आणि त्यांचे पाय वितळले होते, टोपी मात्र स्थिर होती. त्यांनी मागं वळून बघितलं नाही. आमच्याकडं वाटेला लागलेल्यानं वळून बघायचं नसतं. विमानाच्या शिडीपाशी ते थांबले, कठड्यावर हात ठेवला आणि वर चढले. पंखे फिरायला लागले, आधी वेगळे दिसणारे आणि मग नुसतं धुकं. मग विमान सरकलं. मी बसून होते.

ते दिसेनासं झाल्यावरही मी थोडा वेळ बसून राहिले. तळाशी जो विचार होता, तो शोधला. तो तिथं नव्हता. परत जायचा प्रश्नच उरला नव्हता, कारण मी अजून निघालेच नव्हते. आप्पा गेले होते आणि मी त्यांना "या" म्हटलं होतं. ज्यानं "या" म्हटलं, तो घरात असतो.

मग बोर्डावर गुवाहाटीपुढं गेटचा आकडा आला. मी घडी घातलेली रिकामी पिशवी लॅपटॉपच्या पिशवीत ठेवली. तिला शेंगाच्या चटणीचा वास होता. माझं गेट दालनाच्या दुसऱ्या टोकाला होतं.

सरकत्या पट्ट्यावर मी एकटीच होते. मी पाय ठेवला, उभी राहिले आणि कठड्यावर हात टाकला. मोत्यांचं दुकान मागं गेलं, मग घड्याळांचं. हात हळूहळू माझ्या पुढं निघाला. मी तो मागं आणला नाही.